चंपतरावांचं कपाट

मे महिन्याच्या भर दुपारी नागपुरात रस्त्यावर एक तर गाढव दिसतं, नाही तर कूलरवाला, असं लोक थट्टेनं म्हणत. चंपतराव निखाडे कूलरवाले होते. सदर भागात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. ज्या घटकेला सगळं शहर दारं-खिडक्या लावून आडवं होई, नेमका त्याच घटकेला कोणाच्या तरी कूलरचा पंप पाणी चढवेनासा होई आणि निरोप येई, आत्ताच्या आत्ता या. जगाला गारवा द्यायचा आणि आपण उन्हाची लू खात हिंडायचं, असा हा धंदा. दहा-बारा वर्षं त्यांनी तो सायकलवर केला. दोनदा ऊन लागून पडले. दुसऱ्या खेपेला तर आठ दिवस अंथरुणातून उठले नाहीत. त्या अंथरुणातच त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. पुढं हुडकेश्वरच्या त्यांच्या घरापासून सदरच्या दुकानापर्यंत सगळा रस्ता त्या खुळाला ‘चंपतरावांचं कपाट’ म्हणू लागला.

खूळ म्हणजे मोटरसायकल, पण चारी बाजूंनी बंद मोटरसायकल.

त्याचं असं झालं. चंपतराव मूळचे सावनेरचे. त्यांचे भाऊ तिथंच शेती करत. तिकडच्या एका कोळसा खाणीवरचा इंग्रज इंजिनिअर विलायतेला परत गेला आणि त्याची मोटरसायकल मागं राहिली, ही बातमी भावाकडून आली. चंपतराव बघायला गेले आणि बघतच राहिले. या गाडीचं इंजिन दिसतच नव्हतं. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत सगळी गाडी पत्र्यात मढवलेली, पायांपुढं ढाली, हँडलवर काच. असल्या गाड्या विलायतेतही फारशा खपल्या नाहीत म्हणे. मोटरसायकल घेणाऱ्याला इंजिन उघडं लागतं, नुसतं चालवून त्याचं भागत नाही, चारचौघांना दाखवायचंही असतं. खाणीवरचे लोक त्या गाडीला हसत होते. चंपतरावांना मात्र तिच्यात आपला पत्रा दिसला. एवढा झाकलेला आहेच, तर उरलेला आपण झाकू, असं त्यांच्या मनानं घेतलं. हे सन पासष्टचं.

दोन वर्षांनी कामठीच्या एका पाद्र्याच्या गोठ्यात त्याच गाडीची सख्खी बहीण सापडली. चाकं शाबूत, इंजिन गायब. तीही बैलगाडीत घालून अंगणात आणली. सगळ्या विदर्भात अशा दोनच गाड्या आणि दोन्ही माझ्याकडे, हे चंपतराव भेटेल त्याला सांगत. त्यांच्या पत्नी जयवंताबाई म्हणत, ‘‘लोकं एक सवत आणतात, आमच्या घरी दोन आल्या.’’

पहिलीला चालती ठेवायची आणि दुसरीचं एकेक हाड काढून तिला जोडायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. चंपतरावांनी तिच्यावर छप्पर चढवलं. दोन्ही बाजूंना दारं केली. दारं लागली की पाय जमिनीला टेकेनात, म्हणून थांबताना तोल सावरायला बाजूची दोन छोटी चाकं बसवली. डाव्या हाताशी एक दांडा होता. तो ओढला की चाकं खाली, ढकलला की वर. मागच्या सीटला वेगळं दार नव्हतं. पुढची सीट पाडायची, वाकून मागं शिरायचं, मग सीट उभी करायची. आणि सगळ्यात मोठा शोध म्हणजे वाळा. मागच्या दोन्ही अंगांना त्यांनी वाळ्याच्या ताट्या बसवल्या आणि वर पाण्याची छोटी टाकी ठेवली. थेंब थेंब पाणी झिरपायचं, चालत्या गाडीचा वारा वाळ्यातून आत यायचा आणि मागच्या जाळीतून बाहेर पडायचा. दोन चाकांवरचा कूलर! हौसेला मोल नसतं म्हणतात. तिला भीडही नसते. कपाट म्हणा, कोठी म्हणा, चंपतराव हसून हात हलवत आणि छपराखालून गार गार निघून जात.

सन त्र्याहत्तरच्या शेवटी सरकारी कागद आला. गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी एक नाही. बदल तपासून पुस्तकात चढवून घ्या, नाही तर गाडी रस्त्यावर आणू नका.

कागदात चुकीचं काहीच नव्हतं, आणि तेच चंपतरावांना लागलं. भांडायला जागा नव्हती. तपासणीचे साहेब कृष्णकांत देशकर सज्जन होते, पण काटेकोर. पहिल्या खेपेला त्यांनी बाजूची चाकं मोजली आणि विचारलं, ‘‘ही दोनचाकी समजायची की चारचाकी?’’ त्यावर चंपतरावांनी चाकं वर-खाली कशी होतात त्याचा नकाशा काढून दिला. दुसऱ्या खेपेला, मार्चमध्ये, साहेब गाडीच्या मागं वाकले. जाळीतून उडणाऱ्या पाण्यानं नंबरची पाटी गंजून गेली होती. ‘‘आकडे वाचता आले पाहिजेत, निखाडे. बाकी मला काही अडचण दिसत नाही. मे महिन्यात शेवटची तारीख देतो. मागं माणूस बसवून, दारं लावून, चालवून दाखवा.’’

चंपतराव घरी आले आणि त्याच आठवड्यात त्यांनी मागची जाळी पत्र्यानं बंद केली. वीस रिव्हेटी मारल्या, वर रंग दिला, मधोमध पाटी ठोकली. काम इतकं देखणं झालं की ते दोनदा लांब जाऊन बघून आले. एप्रिलभर त्यांनी गाडी चालवली, पण एकट्यानं आणि एका बाजूचं दार उघडं टाकून. बंद कपाटात मागच्या सीटवर तोवर कोणी बसलंच नव्हतं.

बसणार होता दुकानातला कारागीर रुपराव. तारखेच्या आदल्या दिवशी त्याची सासू वारली आणि तो उमरेडला गेला. चंपतराव चार घरी फिरले. ज्यानं त्यानं हसण्यावारी नेलं. संध्याकाळी ते ओट्यावर डोकं धरून बसले असताना जयवंताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

‘‘मी बसतो,’’ त्या म्हणाल्या.

नऊ वर्षांत त्यांनी त्या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता.

‘‘तुले भेव नाही लागत का वं?’’

‘‘लागते ना. पण चार दिवसांपासून तुमी धड जेवून नाही राहिले. मले त्याचंच जास्त भेव लागून राहिलं.’’

बायकोचं तोंडावर कौतुक करणं चंपतरावांना जमेना. पुरुषांची ही एक खोड. त्याऐवजी ते मास्तरासारखं शिकवायला लागले. ‘‘आयक, एक गोष्ट ध्यानात ठेव. तिथं गाडी एकदम हळू चालवा लागते. हळू चालली का तोल नाजूक राहते. तू इकडची तिकडे झाली तं दोघंही पडू. हालायचं नाही, बोलायचं नाही. मी सांगीन तेव्हाच.’’

‘‘लावलं तोंडाले कुलूप,’’ जयवंताबाई म्हणाल्या.

सोळा मेला सकाळी दहाला ते मैदानावर पोचले. पुढं ट्रकांची रांग होती. मैदानात सावली म्हणून एक कडुलिंब, आणि त्याच्याखाली साहेबांचं टेबल. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. रांग एक गाडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. चंपतराव दर वेळी दार उघडून उतरत, लू आत शिरू नये म्हणून ते लावून घेत, गाडी ढकलत, पुढं जाऊन किती ट्रक राहिले ते मोजून येत. जयवंताबाई मागं बसून होत्या. त्यांना उतरवायचं म्हणजे सीट पाडा, वाकवून काढा, पुन्हा तसंच आत घाला. आणि एव्हाना भोवती ड्रायव्हर-क्लिनरांचा घोळका जमला होता. जो तो काचेला नाक लावून आत बघे. ‘‘अरे, इसमें तो भाभीजी बैठी हैं!’’ कोणी तरी ओरडलं आणि हशा पिकला. जयवंताबाईंनी पदर पुढं ओढून तोंड झाकलं. एवढ्या पुरुषांसमोर कपाटातून वाकून बाहेर निघायचं त्यांच्या जिवावर आलं.

‘‘बरी आहे ना वं?’’ चंपतरावांनी एकदा विचारलं.

पदर हो म्हणून हलला.

वाळ्यावर पाणी कमी पडायला नको म्हणून त्यांनी टाकी दोनदा भरली. उभ्या गाडीत वारा नव्हता. पाणी मात्र झिरपत होतं आणि आतल्या आत वाफ धरत होती. त्यांना ते दिसलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष समोरच्या तीन ट्रकांवर होतं. नऊ वर्षांची मेहनत आज पुस्तकात चढते की अंगणात गंजायला पडते, एवढंच त्यांना दिसत होतं.

साडेबाराला नंबर लागला. देशकर साहेबांनी चुन्यानं आखलेला इंग्रजी आठचा आकडा दाखवला. ‘‘दारं लावा. दोन फेऱ्या, सावकाश. बाजूची चाकं खाली टेकता कामा नयेत. टेबलासमोर आलात की थांबायचं, तिथंच चाकं सोडायची.’’

चंपतरावांनी दार ओढून घेतलं, दांडा पुढं ढकलला, चाकं वर गेली. गाडी निघाली. हळू गाडी सरळ नेणं सोपं नसतं, वळवणं तर फारच अवघड. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मागचं ओझं दगडासारखं स्थिर होतं. शाबास, ते मनात म्हणाले. पहिली फेरी पुरी झाली तेव्हा ड्रायव्हरांचं हसणं थांबलेलं त्यांच्या लक्षात आलं. सगळे नुसते बघत होते.

दुसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणाला गाडी डावीकडे झुकली. चंपतरावांनी हँडल सावरलं, गाडी कशीबशी सरळ झाली.

‘‘हालू नको म्हटलं ना तुले!’’ ते ओरडले.

उत्तर आलं नाही. बोलायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं, त्यामुळं त्यांना बरंच वाटलं. गाडी आठाच्या मधल्या फुलीवर आली. आता शेवटचं वळण आणि मग टेबल. तेवढ्यात त्यांच्या पाठीवर काहीतरी टेकलं.

डोकं होतं ते. सदऱ्यातूनही चटका बसावा इतकं तापलेलं, आणि जड. दमलेलं माणूस डोकं टेकवतं तेव्हा त्यात थोडा तरी जीव असतो. यात नव्हता. चंपतराव स्वतः दोनदा लू लागून पडले होते. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

थांब, मन म्हणालं.

आणि दुसरं मन म्हणालं, अर्धी फेरी राहिली.

आता एकदम थांबलो तर गाडी पडेल, तिला लागेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. दांडा त्यांच्या डाव्या हाताशीच होता. ओढला की चाकं खाली, गाडी उभी. ज्या हातांनी तो दांडा घडवला त्या हातांना हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? हात दांड्यावर गेला नाही. पाठीवरचं ते तापलेलं डोकं पडू नये म्हणून चंपतराव ताठ बसले, श्वाससुद्धा जपून घेतला, आणि शेवटचं वळण चुन्याच्या रेघेला धरून इतक्या हळुवार घेतलं की तसं वळण त्यांना आयुष्यात पुन्हा जमलं नसतं. टेबलासमोर गाडी थांबली. चाकं खाली आली. साहेबांनी मान हलवली आणि पेन कागदाला टेकवलं.

तेव्हा चंपतराव दार लाथेनं उघडून बाहेर पडले.

‘‘जयवंता! ए जयवंता!’’

पुढची सीट पाडून त्यांनी हात आत घातला. जयवंताबाई एका अंगावर कलंडल्या होत्या. जागं माणूस वाकून बाहेर येऊ शकत होतं, बेशुद्ध माणूस त्या फटीतून निघेना. खांदा अडला. चंपतराव ओढत होते, रडत होते, ओढत होते.

‘‘टामी द्या कोणी! टामी!’’

ट्रकचं चाक खोलायची लोखंडी टामी घेऊन एक धिप्पाड ड्रायव्हर धावत आला. चंपतरावांनी ती हिसकून घेतली, गाडीच्या मागं गेले आणि पाटीच्या कडेला घुसवून सगळा जोर लावला. स्वतः मारलेल्या वीस रिव्हेटी त्यांनी स्वतःच उपटल्या. पत्रा सुटला तशी आतून वाफ निघाली, भाताच्या हंड्यावरचं झाकण काढल्यावर निघते तशी.

त्या वाफेत ते क्षणभर थिजून उभे राहिले. कूलर लावला का खिडकी उघडी ठेवा, नाही तं घराची भट्टी होते, हे त्यांनी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. ओला वारा आत आला तर तो बाहेर जायला वाट पाहिजे, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं अक्षर. आणि त्यांनीच ती वाट बंद करून, वर रंग देऊन, आत आपल्या बायकोला बसवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दोघातिघांनी मिळून जयवंताबाईंना मागून काढलं आणि कडुलिंबाखाली निजवलं. अंग तव्यासारखं तापलेलं. देशकर साहेबांनी टेबलावरची सुरई त्यांच्या डोक्यावर पालथी केली. कोणी कांदा फोडून तळपायाला चोळला. कोणी ट्रकची ताडपत्री धरून ऊन अडवलं. मघाशी हसणारेच होते सगळे. साहेबांच्या जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं. जीपमध्ये चंपतराव ओल्या धोतराच्या सोग्यानं वारा घालत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘‘आता हाल वं, आता हाल.’’

काळ आला होता, वेळ आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाईंनी डोळे उघडले. ओठ फुटले होते. चंपतरावांनी चमच्यानं पाणी घातलं. ते गिळून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

‘‘पास झालं का?’’

‘‘झालं.’’

‘‘मी हाललो नाही ना?’’

चंपतरावांनी नाही म्हणून मान हलवली आणि चमचा धुवायचं निमित्त करून ते बाहेर गेले.

बाहेर त्यांनी डॉक्टरांना गाठलं. ‘‘साहेब, अर्ध्या मिनिटानं काही फरक पडला असता का? अर्धं मिनिट आधी काढलं असतं तं?’’

डॉक्टर तरुण होते. त्यांना वाटलं, बिचारा उगाच जिवाला लावून घेतोय. ‘‘अडीच तास आत होत्या त्या. अर्ध्या मिनिटानं काय होणार? तुम्ही वेळेवर आणलंत, काका.’’

तिसऱ्या दिवशी देशकर साहेब स्वतः गाडीचं पुस्तक घेऊन आले. बदल चढले होते, शिक्का बसला होता. मागं पुन्हा जाळी लावा आणि पाटी खाली घ्या, एवढं त्यांनी बजावलं. जाताना म्हणाले, ‘‘एक सांगू, निखाडे? वीस वर्षं झाली मला या कामात. तुमची ती शेवटची अर्धी फेरी मी विसरणार नाही. काय सफाई होती!’’

चंपतरावांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

आठव्या दिवशी सकाळी हुडकेश्वरच्या अंगणात पत्रा कापायच्या कात्रीचा आवाज यायला लागला. जयवंताबाई भिंतीला धरून बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. छपराचा अर्धा पत्रा खाली लोंबत होता. दोन्ही दारं अंगणात पडली होती. वाळ्याच्या ताट्या भिंतीशी उभ्या केल्या होत्या.

‘‘हे काय करून राहिले तुमी?’’

चंपतराव कापत राहिले.

‘‘बोला ना! काहून कापून राहिले?’’ जयवंताबाईंचा आवाज चढला. अंगात ताकद नव्हती, पण रागाला ताकद लागत नाही. ‘‘पास झालं म्हटलं ना? शिक्का भेटला ना? मी त्याच्यासाठी मरायले टेकलो होतो, अन् तुमी ते भंगार करता? मंग मी बसलो कायच्यासाठी?’’

कात्री थांबली. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. बायकोच्या काळजीनं केलं, एवढं म्हटलं असतं तर गावानं वाहवाच केली असती. पण गेले आठ दिवस त्या माणसाला अन्न गोड लागलं नव्हतं. पाठीवर त्याच जागी काहीतरी टेकलंय, असं वाटून तो झोपेतून उठून बसत होता.

‘‘तुह्यं डोकं माह्या पाठीले टेकलं,’’ चंपतराव पत्र्याकडे बघत म्हणाले, ‘‘तवा मले समजलं होतं. अर्धी फेरी बाकी होती. मी थांबलो नाही.’’

जयवंताबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चंपतरावांना मान वर करायचं धाडस झालं नाही, त्यामुळं तो चेहरा कसा होता ते त्यांना कधीच कळलं नाही. मग पावलं वाजली. जयवंताबाई सावकाश चालत आल्या, दुसऱ्या गाडीला हात टेकून क्षणभर दम घेतला आणि छपराच्या लोंबणाऱ्या पत्र्याचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं, कात्री चालवणाऱ्याला सोपं जावं म्हणून धरतात तसं.

‘‘कापा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुरं कापा.’’